गल्लीच्या तोंडाशी

नाना,

तुम्ही गेलात ही बातमी ऑफिसच्या चपराशानं आणली, तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, संशय आला. मी त्यालाच उलट विचारलं, "कोण म्हणालं? तू स्वतः बघितलंस का?" तो बिचारा सायकल धरून उभा. म्हणाला, "भिया, मय्यत की बात में कोई मजाक करता है क्या?" तरी सदरा चढवेपर्यंत माझ्या मनात हेच की, ह्यात नानांचा काहीतरी डाव असणार. नोकरीभर तुम्ही साधे आजारी पडला नाहीत, आणि रिटायर होऊन पुरतं वर्षही झालं नाही तोच एकदम मरायचं? तुमच्या रीतीत हे बसत नव्हतं.

माझी रीत तर तुम्हाला पाठ आहे. मी महूच्या छावणीत वाढलेला माणूस. बाप पलटणीत हवालदार. त्यानं आम्हा भावंडांना एक गोष्ट घोटून शिकवली, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू असतो. मला विंचू जन्मात एकदाच सापडला, पण झटकायची सवय कायमची लागली. ऑफिसात बूट काढायचे नसतात, म्हणून मी माणसं झटकत आलो. तुम्हाला तर सगळ्यांत जास्त. शांता काल म्हणाली, "अहो, आता तरी त्यांना सोडा. मेलेल्या माणसालापण झटकता काय?" काय करू, नाना, तुम्ही पुरते झटकून व्हायच्या आतच निघून गेलात.

मी नक्शा विभागात ट्रेसर म्हणून लागलो, तेव्हा तुम्ही तिथले मोठे नक्शानवीस. तुमच्या पणजोबांनी दरबारात लेखणी चालवलेली, माझ्या पणजोबांनी गोऱ्यांच्या पलटणीत बंदूक. पहिल्याच दिवशी तुम्ही चहा मागवलात. मी कप उचलून आधी खाली बघितलं. कान तुटका आहे का, काही खूण आहे का, वेगळा काढून ठेवलेला आहे का. तुम्ही ते बघितलंत. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही कप माझ्यापुढं ठेवायचात आणि म्हणायचात, "उचल कुठलाही." मी मनात म्हणालो, मोठे पोहोचलेले आहेत हे गृहस्थ. ह्यांच्यापासून जपून राहायचं.

आणि जपून राहण्यासारखं होतंच ना. माझ्या घरी तुम्ही कितीदा आलात, आमच्या पोरीच्या, विशाखाच्या शाळेसाठी चिठ्ठी घेऊन आलात, शांता तापली होती तेव्हा मोसंबी घेऊन आलात. पण शांतानं कप पुढं केला की तुमचं ठरलेलं, "नको वहिनी, पित्त आहे." ऑफिसात दिवसभर चहा ढोसणाऱ्या माणसाला आमच्या उंबऱ्यातच बरं पित्त व्हायचं! शांता म्हणायची, असेल हो पित्त. मी म्हणायचो, असेल.

मग नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली, आणि आपल्या टेबलावर तो हुकूम येऊन पडला. ग्वाल्हेरकडचे नक्शे एका मापाचे, आपल्याकडचे दुसऱ्या, महाकोशलाकडचे तिसऱ्याच. तेवढं लांब कशाला जा, आपल्याच इंदूर शहरात टपालवाल्यांच्या कागदावर घराचा पत्ता एक, बिजलीवाल्यांच्या कागदावर दुसरा, आणि पाणीवाल्यांच्या लेखी ते घरच नाही. एका म्हातारीला नळ मंजूर झाला तो पलीकडच्या गल्लीतल्या हलवायाच्या दारात लागला, आणि हलवाई म्हणाला, देवानं दिला. तर आता सगळ्या शहरांचे नक्शे एका मापावर आणायचे. रस्त्याला एकच नाव, घराला एकच नंबर, डाव्या बाजूला विषम, उजव्या बाजूला सम, आणि तोच पत्ता टपालानं, बिजलीनं, पाण्यानं, सगळ्यांनी वापरायचा.

तुम्ही इतके खूश झालात की मला शंकाच आली. हुकूम दोन-दोनदा वाचत होतात. म्हणालात, "काशिनाथ, ऐसा है, आता ह्या शहरात कुणी हरवणार नाही." मी म्हणालो, "नाना, सरकार घरावर नंबर टाकतं ते काय ओवाळायला? आधी नंबर, मग कर, मग नोटीस." तुम्ही हसलात. "अरे, तुला सोन्याचं ताट दिलं तरी तू आधी उलटं करून बघशील." बघीन की. ताट उलटं करून बघण्यात वाईट काय आहे?

आणि सुरुवात तरी कशी केलीत! दसरा झाल्या झाल्या माणसं लावलीत आणि अख्ख्या वॉर्डाच्या भिंतींवर डांबरानं नंबर काढलेत. एकेक आकडा काय सुबक. दिवाळी तोंडावर आली आणि घरोघर चुन्याच्या बादल्या निघाल्या. धनतेरसेपर्यंत एक नंबर औषधाला उरला नाही. ज्यांच्या घरी सात पिढ्या दिवाळीला सफेदी होते, त्या तुम्हा सगळ्या मंडळींना एवढी गोष्ट सुचू नये? तुमच्या स्वतःच्या घरावरचा नंबर तर वहिनींनीच पुसला. चुना अंमळ दाट लावला म्हणे, काळं वर येऊ नये म्हणून.

आमच्या गल्लीतले नंबर तेवढे राहिले. आम्ही दीक्षा घेतली तेव्हापासून दिवाळी सोडली. आमचा चुना वैशाखात, बुद्धजयंतीला. त्यामुळं सियागंजाच्या बाजारापाठीमागची आमची ती चिंचोळी गल्ली, जिच्यात ऑफिसचा माणूस नाक धरून यायचा, ती एकदम वॉर्डाची शान झाली. भोपाळहून साहेब तपासणीला येणार, आणि दाखवायला नंबर असलेली गल्ली एकच, आमची. आमच्या जन्मात पहिल्यांदा कुणी आमची गल्ली बघायला पाहुणा आणत होतं.

आता नावाचं बोलतो. जुन्या नक्शावर आमच्या गल्लीचं जे नाव होतं ते मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, शहराला ठाऊक आहे. आम्ही टाकून दिलेल्या जातीचं ते नाव. जात सोडली, देव सोडले, दिवाळी सोडली, पण पोस्टमन नाक्यावरून तेच नाव पुकारायचा आणि सगळा सियागंज मान वळवून बघायचा. विशाखा तुकोगंजातल्या एका दवाखान्यात नोकरीसाठी गेली होती, आठवतं? मॅट्रिक पास, बोलणं नीट, इंग्रजी अक्षर मोत्यासारखं. डॉक्टरीणबाई गोड बोलल्या. मग पत्ता विचारला. पोरीनं सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, कळवू. घरी येऊन विशाखा मला म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्या कुणाचा पत्ता देऊ का पुढच्या वेळी?" नाना, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून मी तुमच्याकडं आलो होतो. हात जोडायला नाही, सांगायला. म्हटलं, नवे नक्शे होतायत, नवी नावं लागतायत, आमच्या गल्लीचं आम्ही नाव ठेवलंय, पंचशील गल्ली. तेवढं लिहा. तुम्ही बराच वेळ पट्टी पुसत बसलात. मग म्हणालात, "माझ्या हातात नाही रे. चालू नाव लिहायचं असा नियम आहे. गल्लीच्या तोंडाशी तीन माणसांना विचारायचं, ती सांगतील ते." मी म्हणालो, "तोंडाशी कोण असतं, नाना? आम्ही आत असतो." तुम्ही पट्टी पुसतच राहिलात. मी तेव्हाच ताडलं की हे आता नियमाआड लपणार.

साहेब आले त्या दिवशी शांतानं पहाटेपासून गल्ली झाडून काढली होती, सडा घातला होता. खोक्याच्या फळीवर निळ्या रंगानं नाव रंगवून नाक्यावर टांगलं होतं. बायका नवी लुगडी नेसून तोंडाशी उभ्या. साहेबांनी नंबर बघितले, खूश झाले. "वाह, बहुत बढ़िया. इस गली का नाम?" शांता पुढं होऊन म्हणाली, "पंचशील गल्ली, साहेब." साहेबांनी जुना नक्शा उलगडला. "यहाँ तो कुछ और लिखा है." मग तुम्हाला म्हणाले, "रहनेवाले तो अपनी पसंद का ही बताएँगे. बाहरवालों से पूछिए, नियम वही है." आणि तुम्ही विचारलंत. गूळवाल्या सेठला, पानवाल्याला, आणि बोरी उतरवून दम खात बसलेल्या एका हम्मालाला. तिघांनी तेच जुनं नाव सांगितलं. सेठ तर भेली तोलता तोलता म्हणाला, "अपन तो यई बोलते आए, भिया." त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. तेच मला जास्त लागलं. शिवी द्यायची तर माणसाला निदान राग तरी यावा लागतो.

आणि तुम्ही लिहिलंत. शांताच्या देखत. तिच्या फळीखाली उभं राहून.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. हे मात्र आठवतं, आणि त्यातला एक शब्द मी परत घेत नाही. म्हणालो, "नियम ना? मग जा की तुमच्या गल्लीच्या तोंडाशी! तिथं गवळ्याचा गोठा आहे, टांगेवाले आहेत, विचारा त्यांना नाव. बघू तुमच्या दिवाण गल्लीला काय म्हणतात!" सगळ्यांना माहीत होतं काय म्हणतात. तुमच्या घरात, तुमच्या लग्नपत्रिकांत ती दिवाण गल्ली, आणि सगळ्या इंदुरात ती गोबर गल्ली. तुम्ही पेनचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "ऐकलं." बस, एवढंच. मला वाटलं, झालं, आपली बदली आता झाबुआला.

बदली आली नाही. आधी मला आमच्याच गल्लीचं शीट ट्रेस करायला मिळालं. ट्रेसिंगच्या कापडावर एकदा शाई बसली की निघत नाही, खरवडलं तर कापड फाटतं, म्हणून आम्ही ट्रेसर लोक नाव लिहिताना श्वास धरतो. मी श्वास धरून ते नाव लिहिलं. माझ्या हातानं, शाईनं, माझ्या घराच्या माथ्यावर. तुम्ही ते काम दुसऱ्या कुणाला देऊ शकला असतात. का दिलं नाहीत, हे विचारायचं राहिलं.

थोड्याच दिवसांनी तुमच्या गल्लीचं शीट माझ्या टेबलावर आलं. तुमच्याच अक्षरात लिहिलेलं, गोबर गल्ली. मी उठून तुमच्यापाशी आलो.

"नाना, हे पेन्सिलीनं ठेवू का?"

"का?"

"उद्या पुसायला सोपं."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुझ्या गल्लीचं कशानं लिहिलंस?"

"शाईनं."

"मग हेही शाईनं."

मी लिहिलं. पण सांगू का, मला ते खोटं वाटत होतं. वाटलं, हे नाटक आहे. माझं तोंड बंद करायला लिहून घेतायत, छापायला जाताना गुपचूप दुसरं शीट जाईल. रोज जाताना मी ते कापड उलगडून बघायचो, शाई आहे का. असायची.

मग जो तमाशा झाला! तुमच्या गल्लीतली मंडळी टोप्या-पगड्या घालून ऑफिसात आली. चिटणीस आले, फडणीस आले, पागेवाले आले. पागेवाल्यांचा म्हातारा तर काठी आपटत म्हणाला, "अहो, आमच्या नातीच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापू काय? गोबर गल्ली? व्याही काय म्हणतील?" मी कोपऱ्यात मान खाली घालून ट्रेस करत होतो. आधी हसू आलं, मग असा संताप आला की निब मोडलं. एका पत्रिकेपायी ह्यांचा जीव चालला होता, आणि माझी पोर जन्मभर ज्या पत्त्यानं ओळखली जाणार त्याला कुणी काठी आपटली नव्हती.

आपल्या ऑफिसच्या साहेबांची पंचाईत झाली. मंडळी वजनदार. ते तुम्हाला हळूच म्हणाले, "नाना, इसे बदल दीजिए ना, एक ही तो नाम है." आणि तुम्ही उभे राहिलात. तुमचा तो किनरा आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला. "साहब, स्टँडर्ड सबका एक है. बदलेंगे तो सबका बदलेंगे. नहीं तो मेरे मोहल्ले में भी यही रहेगा." साहेबांनी वर लिहिलं. वरून सुधारणा आली, नाव विचारायचं ते गल्लीत राहणाऱ्यांना, त्यांचं एकमत असेल ते लावायचं.

आमच्याकडं एकमताला वेळ लागला नाही. शांतानं दार वाजवत जाऊन एका दुपारीत सगळ्यांची संमती आणली. आणि तुमच्याकडं? चिटणिसांना चिटणीस गल्ली पाहिजे, फडणिसांना फडणीस, पागेवाले म्हणतात आमचे घोडे होते म्हणून तुमच्या पालख्या चालल्या. दिवाण कुणाच्या घरातला, यावरच भांडण लागलं. दोन मराठी माणसं आणि तीन मतं, दुसरं काय! एकमत झालं नाही ते झालंच नाही. छापायची वेळ आली आणि नकाशात, शाईनं, गोबर गल्लीच राहिली. तुमच्या भाऊबंदांनी त्याचं खापर तुमच्या डोक्यावर फोडलं. वहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली.

आमच्या शीटवर शाई बसली होती, म्हणून ते पुरतं नव्यानं काढायला लागलं. ते तुम्ही मला दिलं नाहीत. स्वतः दोन दिवस मान मोडून काढलंत आणि 'पंचशील गल्ली' तुमच्या हातानं लिहिलंत. ऑफिसात सगळे म्हणाले, बघा, नाना केवढे मोठे मनाचे. मी म्हटलं, हो, आहेत. पण नाना, ते नाव मला लिहायचं होतं. जुनं माझ्या हातून लिहवलंत आणि नवं तुम्ही लिहिलंत, हा कुठला न्याय? तुम्हाला वाटलं असेल, आपण फेड करतोय. मला वाटलं, माझ्या ताटातला घास उचललात. ह्यावर आपलं एकदा नीट भांडण व्हायला हवं होतं. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तुम्ही दोन कप पुढं केलेत. "चहा पी, काशिनाथ."

दुसरं एक भांडण तर अर्ध्यातच राहिलं. मी तुम्हाला विचारलं होतं, "हे तुम्ही आमच्यासाठी केलंत, की नियमाची जिद्द म्हणून?" आणि वर बोललो होतो, "तुम्हाला नाव घालवायला काय लागतं? तुमच्या घराण्याला चार नावं. एक शेणात पडलं तरी तीन उरतात. आम्ही एकासाठी भांडत होतो." तुम्ही तेव्हा गंभीर झालात. म्हणालात, "हे तू बरोबर बोललास." आणि पुढं काहीतरी बोलणार, तेवढ्यात कुणीतरी शीट घेऊन आलं. नंतर तुम्ही रिटायर झालात. मग मी म्हणत राहिलो, जाऊ एखाद्या रविवारी. तुमचं ते पुढचं वाक्य तुमच्यापाशीच राहिलं.

आमच्या नाक्यावर पत्र्याची निळी पाटी लागली. पोस्टमन आता तेच नाव पुकारतो. गूळवाला सेठ बरेच महिने जुनंच बोलायचा, मग त्याच्याच मालाची बिल्टी नव्या पत्त्यावर यायला लागली, तेव्हा त्याची जीभ वळली. विशाखा दुसऱ्या एका दवाखान्यात नर्सिंगला लागली. पत्ता सांगितला तेव्हा समोरच्यानं पेन खाली ठेवलं नाही, असं ती म्हणते. पत्त्यामुळं की तिच्या मार्कांमुळं, मला माहीत नाही, आणि मी खोदून विचारत नाही. तिनं दुसऱ्याचा पत्ता दिला नाही, एवढं मला पुरतं. ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं, म्हणून लिहिलं.

काल वहिनींना भेटायला गेलो. कपाळ मोकळं, पण बसणं ताठ. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग राहवलं नाही. विचारलंच, "वहिनी, नानांना पित्त होतं का हो?" त्यांना समजलं मी काय विचारतोय. तुमच्यासारख्याच त्या, उत्तराआधी वेळ घेतात. म्हणाल्या, "पित्त होतंच. आणि सुरुवातीला ते तुमच्याकडं तसेही प्यायले नसते. दोन्ही खरं आहे, काशिनाथराव. नंतर नंतर प्यायचं त्यांच्या फार मनात होतं, पण इतकी वर्षं नाही म्हटल्यावर आता हो कसं म्हणू, म्हणून लाजायचे." मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. शांताला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "एकदा विचारायचं तरी होतं त्यांनी. मी काय नाही म्हणणार होते?" आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्यावर चिडलो. मग मीही रडलो.

तुम्हाला निरोप दिला त्या दिवशीचं तेवढं सांगतो आणि थांबतो.

मी सकाळीच आलो होतो, पण आत आलो नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, गवळ्याच्या गोठ्याला टेकून उभा राहिलो. आत तुमचे भाऊबंद जमलेले, पागेवाले, चिटणीस, सगळे. मी गेलो असतो आणि कुणी नुसतं वळून बघितलं असतं, तर तुमच्या दारात माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं. म्हणून म्हटलं, नाना बाहेर येतील तेव्हा इथूनच हात जोडू.

तेवढ्यात स्टेशनकडून एक टांगा आला. आत बाहेरगावचे कुणी पाहुणे, हातात हार. टांगेवाल्यानं मलाच विचारलं, "भिया, गोबर गली यई है क्या?"

छापील नकाशाप्रमाणं बरोबर विचारत होता तो. मीच तर लिहिलेलं, शाईनं. पण तोंडातून हो येईना.

"नाना की गली," मी म्हणालो. "नक्शेवाले नाना की. यई है."

त्यानं मान हलवली आणि मागून येणाऱ्या टांग्याला ओरडून सांगितलं, "अरे, नक्शेवाले नाना की गली यई है, इधर मोड़ ले!" थोड्या वेळानं पायी कुणी आलं. त्यानं गवळ्याला तुमचं घर विचारलं. गवळी धारेची बादली खाली ठेवून, हात पुसत म्हणाला, "नाना की गली? यई तो है, भिया, सीधे चले जाओ."

मी, टांगेवाला आणि गवळी. गल्लीच्या तोंडाशी तीन माणसं, नाना. तो नियम रद्द झालाय, मला माहीत आहे. तरी मी मनातल्या मनात तुमचं शीट उलगडलं.

मग आत आलो. दारात बूट काढले. तुमचा मुलगा बाजूला झाला. पागेवाल्यांचा म्हातारा तिरडीला खांदा लावून उभा होता, तो माझ्याकडं बघत राहिला आणि सरकला. त्याचा खांदा दुखत होता की मला जागा करायची होती, कुणास ठाऊक. मी खांदा दिला. तुम्ही वजनाला फार हलके निघालात.

घाटावरून सगळ्यांबरोबर तुमच्या घरी परतलो, दिवा बघितला, बाहेर आलो. बूट तिथंच पडून होते, सबंध दिवस, गोठ्याच्या गल्लीत, भिंतीच्या कडेला. घातले आणि निघालो. नाक्यावर पोहोचल्यावर ध्यानात आलं, मी ते झटकले नव्हते.

तुमचा,
काशिनाथ
पंचशील गल्ली, इंदूर